प्रार्थना सुचत नाही, स्तुती तर नाहीच : शोकातल्या माणसाबरोबर वचन कुठून वाचायला घ्यावं?

घरभेट

मंडळीत घरभेटी देणाऱ्यांसाठी दोन पानांचा आराखडा तयार करायचा आहे, म्हणून विचारतेय. प्रसंग असा धरा: जोडीदार जाऊन तीन-चार महिने झालेत. माणूस वर्षानुवर्षांचा विश्वासणारा. दफनविधीला चर्च भरलं होतं, आता घराकडे कोणी फिरकत नाही. बायबल उघडलं तर ओळी नुसत्या डोळ्यांखालून जातात. प्रार्थनेला बसलं तर 'प्रभू' म्हटल्यावर पुढे काही येत नाही. आणि रडू आलं की कोणीतरी हटकतं, "पुनरुत्थानावर विश्वास आहे ना, मग रडता कशाला?"

मला नेमकं हवंय ते हे. उतारे कोणते, कोणत्या क्रमाने, एका वेळी किती? भेटीत वाचायचे की लिहून ठेवून यायचे? प्रार्थना जमत नसेल तर तिच्या जागी काय? आणि कुठल्या खुणा दिसल्या की हे आपल्या हातातलं राहिलं नाही असं समजायचं? 'सगळं देवावर सोपवा' छापाची उत्तरं नकोत. ती त्या घरात आधीच भरपूर पोचलेली असतात.

---

कोठवर

ताई, सुरुवात २३व्या स्तोत्रापासून ('परमेश्वर माझा मेंढपाळ आहे') करू नका. ते दफनाच्या दिवशी वाचलेलं असतं. ऐकणाऱ्याला मेंढपाळ दिसत नाही, खड्ड्याच्या कडेची माती दिसते. काही काळाने ते आपसूक परत येतं, येऊ द्या. आधी १३वं घ्या.

१३वं अवघं सहा वचनांचं. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' चार वेळा येतं: तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी मनात कोठवर घोर वाहायचा, शत्रूने कोठवर माझ्यावर वरचढ व्हायचं. चारांपैकी पहिले दोन थेट देवावरचे आरोप आहेत. भेटीला जाणाऱ्याने हे आधी घरी नीट पाहून ठेवावं, कारण मोठ्याने वाचताना आपण नेमके तेच दोन घाईत उरकतो. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणी आहे: बघ, उत्तर दे, डोळ्यांत तेज आण. पाचव्यात एकदम सूर पालटतो आणि दयेवरचा भरवसा येतो. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये काय घडलं, किती दिवस गेले, स्तोत्र सांगत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन भेटींत चौथ्या वचनावर थांबा. खरोखर थांबा, पुस्तक मिटा. वाचणाऱ्याला शांतता सोसत नाही म्हणून तो पाचव्यावर उडी मारतो, आणि समोरच्याला कळून चुकतं की आपल्या तक्रारीला एवढीच मुभा होती.

त्यानंतर ४२ आणि ४३. ही दोन मिळून एकच गीत आहे. 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास' हे पालुपद तीनदा येतं: ४२:५, ४२:११, ४३:५. पहिल्यांदा म्हटल्यावर लगेच सहाव्या वचनात तो म्हणतो, माझा जीव खिन्नच आहे. म्हणजे पालुपदाने काम केलं नाही, तरी त्याने ते पुन्हा म्हटलं. ज्यांना 'मी स्वतःला समजावतो पण उपयोग होत नाही' असं वाटतं त्यांना हे फार जवळचं पडतं.

८८वं जपून ठेवा, पण टाळू नका. ते वळतच नाही. मूळ इब्रीत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. ज्याला आशेचा शब्द ऐकवत नाही त्याला हे वाचून दाखवलं तर बहुधा पहिली प्रतिक्रिया असते, "हे बायबलमध्ये आहे?" आहे. ते लिहिणाऱ्याला कोणी मंडळीबाहेर काढलं नाही, उलट त्याचं गीत उपासनेच्या पुस्तकात ठेवलं. आणि त्याच्या पहिल्याच ओळीत हाक आहे: हे माझ्या तारणाच्या देवा. तेवढा एक धागा पुरतो.

विलापगीत या बायबलमधल्या पुस्तकाबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवतो. ३:२२-२३, 'त्याची दया रोज सकाळी नवी होते', हे सांत्वनाच्या कार्डांवर छापून वाटतात. पण तिसऱ्या अध्यायात ६६ वचनं आहेत. त्या दोन वचनांच्या आधी दबा धरलेलं अस्वल आहे, काळजात घुसलेले बाण आहेत, खड्यांनी मोडलेले दात आहेत (३:१०-१६). नंतर ४८-४९मध्ये डोळ्यांतून पुन्हा पाण्याचे ओघ. मधला हिरा उपटून दिला तर तो काचेचा वाटतो. अख्खा अध्याय वाचा, नाहीतर निदान १ ते २४ सलग वाचा.

हे पुस्तक बांधलंय कसं, तेही सांगण्यासारखं आहे. इब्रीत २२ अक्षरं. १, २ आणि ४ या अध्यायांत प्रत्येक वचन क्रमाने पुढच्या अक्षराने सुरू होतं, तिसऱ्यात एकेका अक्षराला तीन-तीन वचनं. पाचव्यात वचनं २२च, पण अक्षरक्रम सुटलेला. यरुशलेम नगर पडलंय, लेकरं भुकेने तडफडताहेत, आणि लिहिणारा मुळाक्षरं धरून चालतोय. दुःखाला शेंडाबुडखा नसतो, म्हणून त्याने धरायला एक कठडा बांधला.

आता 'प्रार्थना सुचत नाही' याचं. तक्रारीच्या स्तोत्रांचा साचा साधारण पाच भागांचा असतो: हाक, तक्रार, मागणी, भरवसा, स्तुतीचा नवस. सगळे भाग प्रत्येक स्तोत्रात असतातच असं नाही आणि क्रमही हलतो. त्या माणसाला कागद द्या आणि एवढंच सांगा: हाक एक ओळ, तक्रार चार-पाच ओळी, मागणी एकच, भरवशाची ओळ आली तर लिहा, नाहीतर जागा कोरी सोडा. पाचवा भाग आत्ता नकोच. दहा मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही. लिहून झालेलं साधारण असं दिसतं:

'प्रभू, ऐकतोयस ना.
पलंगाची डावी बाजू रिकामी आहे आणि मी अजून उजव्या कडेलाच झोपतो.
दोन ताटं काढतो. एक परत ठेवतो.
तिचा चष्मा टेबलावर आहे. हलवला तर गेली असं होईल, नाही हलवला तर रोज दिसतो.
तू होतास कुठे त्या रात्री?
आज तीन वाजता जाग आली तर पुन्हा झोप लागू दे.
( )'

तो रिकामा कंस काढून टाकू देऊ नका. आणि तक्रारीत 'हे परमदयाळू, सर्वज्ञ' अशी भाषा यायला लागली तर हळूच विचारा, "आज सकाळी उठल्यावर काय झालं?" चष्मा, ताट, पलंग असं आलं की गाडी रुळावर आली.

---

एलीयाची भाकर

वरचं मान्य, पण वचनाच्या आधीची पायरी राहिली. १ राजे १९. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून 'आता पुरे' म्हणतो आणि मरण मागतो. देवदूत उपदेश करत नाही. त्याला हात लावतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खाऊ घालतो, आणि पल्ला दूरचा आहे एवढंच म्हणतो. देवाशी बोलणं होतं ते पुढे ४० दिवसांनी, होरेब डोंगरावर. तिथे देव दोनदा विचारतो, तू येथे काय करतोस, आणि एलीया दोन्ही वेळा जवळपास शब्दशः तेच गाऱ्हाणं सांगतो. 'हे तर मघाशीच सांगितलंस' असं देव म्हणत नाही. शोकातला माणूस हॉस्पिटलातली ती शेवटची रात्र अकराव्यांदा सांगू लागला की हे आठवावं.

तेव्हा भेटीत पहिला प्रश्न 'कसे आहात' नको. त्याचं उत्तर 'ठीक' असंच येतं. विचारा: रात्र कशी जाते? जेवण एकदा होतं की दोनदा? रोजचं औषध चालू आहे ना? जोडीदारच गोळ्या काढून देत असेल तर तीन महिन्यांत बीपी-शुगरची घडी विस्कटलेली असते आणि सगळे त्याला विश्वासाची परीक्षा समजत बसतात.

भेटीची मोजणी: ४० मिनिटं, तासाच्या वर नाही. दोघांनी जावं, चौघांनी नाही. पहिली २५ मिनिटं ऐकायची. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. मंडळीला वाटतं नाव काढलं की जखम उघडेल, पण घरच्यांना भीती असते ती जग ते नाव विसरेल याची. वाचन पाच-सहा वचनं, एकाच उताऱ्यातलं. प्रार्थना तीन वाक्यांची, आणि तिच्यात त्याने आत्ता सांगितलेलीच एखादी गोष्ट यावी, म्हणजे ऐकलं होतं हे कळतं. प्रार्थनेतून उपदेश करायचा नाही. 'प्रभू, यांना समज दे की तुझी योजना उत्तम आहे' ही प्रार्थना नव्हे, डोळे मिटून दिलेलं भाषण आहे. निघताना त्याच उताऱ्याची चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आख्खं बायबल उघडायची ताकद नसते, चिठ्ठी आरशाला लावता येते.

'काही लागलं तर सांगा' हे म्हणूच नका. मागण्यासाठीही बळ लागतं. 'गुरुवारी सहाला जेवण घेऊन येतो' किंवा 'पेन्शनच्या कागदांसाठी सोमवारी बरोबर येतो' असं म्हणा. आणि मग जा.

ईयोबाचे मित्र आपल्याला वाईट उदाहरण म्हणून माहीत असतात, पण पहिले सात दिवस आणि सात रात्री ते जमिनीवर गप्प बसले होते (२:१३). ते तोंड उघडेपर्यंत उत्तम काम करत होते.

---

लूक चोवीस

विलापाला जागा हवी याबद्दल दुमत नाही. पण आराखडा तिथेच संपला तर तो ख्रिस्ती आराखडा होणार नाही, हेही लिहून ठेवा. ख्रिस्ती आशेला एक ठरावीक मजकूर आहे आणि तो योग्य वेळी, योग्य मापात सांगावा लागतो. 'वेळ सगळं भरून काढते' किंवा 'ते आता तारा झालेत' हा तो मजकूर नव्हे.

आधी ते 'रडता कशाला' निकालात काढू. १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ हे वचन लोक अर्धंच ऐकतात. पौल 'खेद करू नका' असं म्हणून थांबत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं म्हणतो. खेद राहतोच, त्याची जात बदलते. 'मला मरणे हे लाभ' असं फिलिप्पैकरांस १:२१मध्ये लिहिणारा हाच पौल त्याच पत्रात, २:२७मध्ये, सांगतो की त्याचा सहकारी एपफ्रदीत आजारातून वाचला ही देवाची दया, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. विश्वासापायी दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाला भक्तिमान लोकांनी पुरलं आणि त्याच्यासाठी मोठा शोक केला (प्रेषितांची कृत्ये ८:२). भक्तिमान होते म्हणून शोक आवरला, असं लूक लिहीत नाही.

आणि योहान ११. भाऊ लाजर मेल्यावर मार्था आणि मरीया दोघी येशूला तेच वाक्य ऐकवतात: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता (वचनं २१ आणि ३२). मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीयेशी काहीच बोलत नाही, रडतो. वाक्य एकच, उत्तरं दोन. भेटीला जाणाऱ्याने समोर मार्था आहे की मरीया हे आधी पाहावं. ३३व्या वचनात मरीयेच्या रडण्याला जो ग्रीक शब्द आहे तो मोठ्याने आक्रोश करण्याचा. ३५मध्ये येशूसाठी वेगळा शब्द आहे, डोळ्यांतून आसवं गाळण्याचा. आणि मध्ये त्याच्या व्याकुळतेसाठी वापरलेल्या शब्दात संतापाची छटा आहे. पाच मिनिटांनी लाजराला बाहेर बोलावणार आहे हे ठाऊक असूनही तो मरणावर चिडतो आणि रडतो. मग ज्याला अजून वाट पाहायची आहे त्याने डोळे कोरडे ठेवावेत, ही अपेक्षा कुठून आली?

आशेचे उतारे मी या क्रमाने घेईन. आधी लूक २४:१३-३५. येशूच्या मरणानंतर त्याचे दोन शिष्य अम्माऊस गावाकडे निघालेत, सुमारे ११ किलोमीटरची वाट. २१व्या वचनात ते म्हणतात, 'आम्हांला आशा होती'. 'होती' या क्रियापदावर थांबा. शोकातल्या माणसाची सगळी वाक्यं याच काळात असतात. येशू त्यांना आधी सगळं बोलू देतो. त्याला ठाऊक नाही असं नाही, तरी 'कोणत्या गोष्टी?' असं विचारतो. मग शास्त्र उलगडतो, पण ओळख पटते ती भाकर मोडताना. याचा साधा अर्थ असा की वचन समजत नसेल तरी प्रभुभोजनाला येणं सोडू नये. तिथे समजावं लागत नाही, हात पुढे करावा लागतो. चालत चर्चपर्यंत येणं जमत नसेल तर पाळकांनी घरी न्यावं.

मग योहान २०. मरीया मग्दालीया येशूला माळी समजते. 'का रडतेस' या प्रश्नाने डोळे उघडत नाहीत, तिचं नाव घेतल्यावर उघडतात. त्याच अध्यायात २७वं वचन: उठलेल्या शरीरावर खिळ्यांच्या खुणा शिल्लक आहेत. नूतनीकरण म्हणजे जखम होतीच नाही असं होणं, ही कल्पना इथे कोसळते.

१ करिंथकरांस १५ सगळ्यात शेवटी, आणि तोही तुकड्यांत: २०-२६ एका दिवशी, ३५-४४ दुसऱ्या. 'प्रथमफळ' हा शब्द समजावून सांगा. पिकाची पहिली पेंढी देवापुढे आणायची (लेवीय २३:१०), आणि ती उरलेल्या शेताची खूण असायची. त्याच शेतातली, त्याच पिकाची. ख्रिस्त प्रथमफळ, म्हणजे मागे शेत उभं आहे. आणि २६वं वचन मरणाला 'शेवटचा शत्रू' म्हणतं. मित्र नाही, दार नाही, निसर्गनियम नाही. पत्नी गेलेल्या माणसाला मरण वैरी वाटत असेल तर पौल त्याच्या बाजूने आहे.

रोमकरांस ८:२८ ('देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात') पहिले काही महिने कपाटात ठेवा. खोटं आहे म्हणून नव्हे, तर ज्याचं दुःख आहे त्याने ते स्वतःहून म्हटलं तर साक्ष होते आणि दुसऱ्याने त्याला ऐकवलं तर हिशेब होतो. त्याऐवजी दोन वचनं मागे या. २६वं: कशी प्रार्थना करावी ठाऊक नसतं तेव्हा आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने मध्यस्थी करतो. 'प्रभू' म्हटल्यावर पुढे काही येत नाही म्हणणाऱ्याला सांगा, तेवढीच प्रार्थना झाली, पूर्ण झाली.

---

घरभेट

हे खूपच कामाचं आहे. आणखी तीन गोष्टी अडतात. रविवारच्या उपासनेत गाणी सुरू झाली की माणूस उठून बाहेर जातो, मग पुढच्या रविवारी येतच नाही. दुसरं, चार महिन्यांनी एकदा खळखळून हसू आलं की दिवसभर अपराधी वाटतं. तिसरं सगळ्यात अवघड: गेलेली व्यक्ती विश्वासात नव्हती, मग आशा कसली सांगायची?

---

उंबरठा

मी समुपदेशनाच्या बाजूने लिहितो. वचनाचं वरच्यांनी सांगितलंच आहे.

पाच पायऱ्यांचा तक्ता (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) आराखड्यात घालू नका. मनोविकारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांनी १९६९मध्ये तो मांडला तो मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना तो नंतर चिकटवला गेला. त्यामुळे लोक 'मला अजून राग आला नाही, माझं काहीतरी चुकतंय का' असं विचारतात.

जास्त उपयोगी चित्र शोकाचे अभ्यासक श्ट्रोबे आणि शूट यांनी १९९९मध्ये मांडलं: शोकातला माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो. एका बाजूला हरवलेलं माणूस, फोटो, आठवणी, रडणं. दुसऱ्या बाजूला बँकेची कामं, नवा स्वयंपाक, एकट्याने प्रवास, हसणं. तब्येत बिघडते ती एकाच बाजूला अडकून पडल्यावर. म्हणून हसू आलं तर ती बेइमानी नाही, झोका दुसरीकडे गेला. तो परत येणारच आहे. हे एवढं वाक्य सांगितलं तरी पुष्कळांचा खांदा खाली येतो.

आता खुणा. गेलेल्याचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं, त्याच्या कपड्यांचा वास घेत बसणं, एकदम हुंदका येणं, चार महिन्यांनी हे सगळं अपेक्षितच आहे. लक्ष ठेवायचं ते यावर: आठवडेच्या आठवडे झोप-जेवण नाही, वजन उतरतंय, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्यात, अंघोळ-कपड्यांची शुद्ध नाही, जोडीदाराला स्वतःच मारल्यासारखा अपराधभाव. लांबलेला शोक हे स्वतंत्र निदान आता वैद्यकीय वर्गीकरणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्याला किमान ६ महिन्यांची अट आहे, अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०२२च्या आवृत्तीत प्रौढांसाठी १२ महिन्यांची. पण वरच्या खुणा दिसत असतील तर डॉक्टरांकडे न्यायला सहा महिने भरायची वाट पाहू नका. नैराश्य कुठल्याही महिन्यात येतं.

आणि एक वाक्य विश्वासणाऱ्यांच्या घरात फसवतं: 'मला तिच्याकडे जायचंय.' त्याचे दोन अर्थ असतात. एक, पुनर्भेटीची ओढ, जी श्रद्धेतली आहे. दुसरा, मरायचा बेत. ऐकून ओळखता येत नाही, म्हणून सरळ विचारायचं: "जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, ते ठरवलंय का?" विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही, बहुधा कोणीतरी विचारलं म्हणून सुटका वाटते. उत्तर 'हो' असेल तर त्या दिवशी त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, गोळ्या आणि कीटकनाशकं घरातून उचलायची, आणि त्याच दिवशी डॉक्टर. गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही. 'आत्महत्या पाप आहे' हे तेव्हा ऐकवायचं नाही, तो बोलायचा थांबेल. पौलानेही २ करिंथकरांस १:८मध्ये लिहिलंय की जगण्याचीही आशा उरली नव्हती. एवढं सांगा आणि रिक्षा बोलवा.

---

मागचा बाक

उपासनेबद्दल. गाणी सुरू झाल्यावर बाहेर जाणं हे पळून जाणं नाही. सूर थेट आत जातो, बोललेल्या शब्दासारखा अडवता येत नाही. उपाय साधे आहेत. दाराजवळची मागची जागा, बरोबर एक ठरलेला माणूस जो 'काय झालं' विचारणार नाही आणि गरज पडली तर सोबत बाहेर येईल. पहिले काही रविवार गाणी झाल्यावर, वाचनाच्या वेळी आलं तरी चालेल. पाळकांनी त्या दिवशी दफनविधीतलं गीत निवडू नये. त्यांना ते आठवत नसतं, म्हणून कोणीतरी यादी करून द्यावी.

उपासना चालवणाऱ्यांचीही चूक असते. अख्ख्या सेवेत एकही तक्रारीचं स्तोत्र नाही, मध्यस्थीच्या प्रार्थनेत 'शोकग्रस्तांना सांत्वन दे' हे चार शब्द, की पुढे चलो. १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. महिन्यातून एकदा तरी त्यातलं एक मंडळीने मोठ्याने वाचावं, म्हणजे दुःख आल्यावर ती भाषा परकी वाटत नाही.

मतांगीकाराच्या (उपासनेत सगळ्यांनी मिळून विश्वास कबूल करण्याच्या) वेळी तोंडातून 'मी विश्वास धरतो' निघत नसेल तर गप्प उभं राहावं. ३२५ साली निकिया इथल्या धर्मसभेत ठरलेल्या मतांगीकाराची ग्रीकमधली सुरुवात 'आम्ही विश्वास धरतो' अशी अनेकवचनी आहे. त्या 'आम्ही'त गप्प उभा असलेलाही धरलेला आहे. मार्क २मध्ये चौघे जण पक्षाघाती माणसाला छप्पर उसकटून खाली सोडतात, आणि पाचवं वचन सांगतं की येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. खाटेवरच्याने काही बोलल्याचं मार्क लिहीत नाही.

वर्षाच्या तारखा वहीत लिहून ठेवा: दोघांचे वाढदिवस, लग्नाचा दिवस, मृत्यूचा दिवस, नाताळ, ईस्टर. फोन त्या दिवशी नको, दोन दिवस आधी करा, कारण वाट पाहण्याचे दिवस त्या दिवसापेक्षा जड जातात. ईस्टरच्या आदल्या शनिवारचं तर आवर्जून. त्या शनिवारी शुभवर्तमानांत जवळजवळ काही घडत नाही. स्त्रिया शब्बाथ पाळून घरी बसल्या, एवढं लूक २३:५६ सांगतं. शोकातला माणूस वर्षभर त्याच शनिवारी राहत असतो, आणि आपण त्याला शुक्रवारवरून थेट रविवारी ओढायला बघतो.

---

लूक चोवीस

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. गेलेल्या माणसाचा निकाल भेटीला गेलेल्याने लावायचा नाही, ना या बाजूने ना त्या बाजूने. 'स्वर्गातच असतील हो' हे खोटं सांत्वन आहे, आणि उलट सुचवणं क्रूरपणा. हातात काय आहे? उत्पत्ती १८:२५, 'सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय?' आणि येशूच्या शेजारी वधस्तंभावर मरताना त्याच्याकडे वळलेला चोर, ज्याचं शेवटच्या तासातलं बोलणं घरच्यांपैकी कोणी ऐकलं असेलच असं नाही. इथे थांबावं. मृतांसाठी प्रार्थना करावी का यावर परंपरा वेगळ्या आहेत: कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स करतात, प्रोटेस्टंट मंडळ्या बहुतेक करत नाहीत. माणूस ज्या मंडळीचा आहे तिथली रीत धरावी. शोकाच्या खोलीत हा वाद काढणाऱ्याला दुसऱ्या भेटीला पाठवू नये.

नूतनीकरणाबद्दल एक राहिलं. २ करिंथकरांस ४:१६, 'अंतरातला मनुष्य दिवसेंदिवस नवा होत आहे'. ग्रीकमध्ये क्रियापद कर्मणी आहे: तो स्वतःला नवं करत नाही, त्याला नवं केलं जातंय. आणि माप 'दिवसेंदिवस' आहे. तेव्हा 'नवी सुरुवात करा, सेवेत उडी घ्या, दुःख विसराल' असा आग्रह नको. नवेपणाची चिन्हं बारीक असतात: त्याने शेजारच्याची विचारपूस केली, चष्मा टेबलावरून खणात ठेवला, कोऱ्या कंसात अर्धी ओळ लिहिली. ती दिसली तर मनात नोंदवा. "बघा, देवाने केलं की नाही!" असं तोंडावर म्हणू नका.

---

कोठवर

ताई, आराखडा छापण्याआधी एक तपासा. स्तोत्रांचे क्रमांक सगळीकडे एक नाहीत. जुन्या लॅटिन परंपरेच्या पुस्तकांत १३वं हे १२वं असतं, ४२-४३ ही ४१-४२, आणि ८८वं ८७वं. इब्री मांडणीत स्तोत्राचा मथळाही पुष्कळदा वचन म्हणून मोजतात, त्यामुळे ४२चं पालुपद तिथे ६ आणि १२ वर सापडतं. चिठ्ठीवर नुसता आकडा लिहिलात तर कोणीतरी भलतंच स्तोत्र उघडून बसेल. पहिली ओळ पूर्ण लिहा, आकडा तिच्याखाली.